बॉक्सिंगच्या एका चाहत्याचा कबुलीजबाब

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात बॉक्सिंगवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारे एका भगिनींचे पत्र प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच दिवशी झालेल्या लढतींनंतर शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा हे दोन खेळाडू मेंदूतील रक्तस्रावाने दगावले. दोघेही अवघ्या २८ वर्षांचे होते. त्याचा दाखला देऊन पत्रलेखिकेने पुढे असे म्हटले आहे की, अशा लढती घरबसल्या चवीने पाहणारे लोक आणि कोंबड्यांच्या झुंजी लावणारे लोक यांच्यात काही फरक नाही. मी तसा पाहणारा आहे, सुमारे चाळीस वर्षे पाहतो आहे. आरोप माझ्यावर आहे म्हणून उत्तर देण्याचा अधिकारही मला आहे, असे समजून लिहायला बसलो; मात्र दोन-चार ओळी लिहिताच लक्षात आले की, त्यांच्या पत्रातील निम्म्याहून अधिक मजकूर मला मान्यच करावा लागणार आहे.

मी कुस्तीच्या घरातला. वडील तरुणपणी तालमीत होते आणि त्यांनी मला खांद्यावर बसवून पहिल्यांदा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात नेले, तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ साली उभ्या राहिलेल्या त्या मैदानाची रचनाच अशी आहे की, पार वरच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही आखाड्यातली पकड दिसते. हलगी कडाडू लागली की आजही माझ्या पायांना स्वस्थ बसवत नाही. बॉक्सिंग आमच्या घरात आले ते १९८८ साली, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवरून. आम्ही पाच-सहा मित्रांनी वर्गणी काढून माइक टायसन आणि मायकेल स्पिंक्स यांच्या लढतीची कॅसेट मिळवली होती, आणि ती लढत ९१ सेकंदांत संपली. भाडे वाया गेले म्हणून एक मित्र दुकानदाराशी हुज्जत घालून आला. मी मात्र ते ९१ सेकंद चार वेळा पाहिले. वडील दारातून एकदाच डोकावले आणि म्हणाले, “आमच्यात पाठीला माती लावत्यात, ह्यात गड्यालाच माती द्यायचं काम दिसतंय.” तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

या खेळात पाहण्यासारखे काय आहे, हे न सांगता नुसती कबुली दिली तर ती अर्धवट राहील. मुहम्मद अली मागच्या मागे कंबरेतून झुकत असे आणि समोरच्याचा ठोसा त्याच्या हनुवटीपासून बोटभर अंतरावर हवेत विरत असे. त्यात कुस्तीतला ढाक किंवा घिस्सा हा डाव बिनचूक बसताना दिसणारी तीच अचूकता आहे. डाव्या हाताचा साधा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा घ्या. तो एकाच वेळी मोजपट्टी असतो, ढालही असते आणि फसवणूकही. जाणकाराने पाहिल्यास एका फेरीच्या ३ मिनिटांत दोन माणसांमधला अख्खा वादविवाद ऐकू येतो. त्यात भर पडते धैर्याची. अमेरिकेतील लढती तिथल्या शनिवारी रात्री होतात, म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ असते. आमच्या घरी त्या वेळी मटण शिजत असते, खोबरे भाजल्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत येत असतो, आणि मी खुर्चीच्या कडेवर येऊन कोणा अनोळखी माणसाला “ऊठ, ऊठ” असे ओरडत असतो.

नेमके हे “ऊठ” म्हणणेच मला आता खटकू लागले आहे. आर्टुरो गाटी आणि मिकी वॉर्ड यांच्यात १८ मे २००२ रोजी झालेल्या पहिल्या लढतीची नववी फेरी चाहत्यांमध्ये सर्वोत्तम फेऱ्यांपैकी एक मानली जाते, आणि मी ती किमान पन्नास वेळा पाहिली असेल. वॉर्डचा ठोसा बरगड्यांखाली बसतो, गाटी वेदनेने वाकडे तोंड करून गुडघ्यावर येतो, उठतो, आणखी मार खातो, आणि मग कुठूनसे बळ आणून उलटा मारू लागतो. वॉर्डने आपला मेंदू मृत्यूनंतर, डोक्यावरच्या माराचे परिणाम अभ्यासणाऱ्या बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांना देण्याचे ठरवले आहे, हे वाचल्यानंतर ती फेरी मी पुन्हा लावली. पूर्वी ज्या क्षणी माझ्या अंगावर रोमांच उभे राहत, त्याच क्षणी या वेळीही उभे राहिले. माहितीमुळे आवडीत तसूभरही घट झाली नाही, आणि याचाच मला धक्का बसला.

बॉक्सिंगमधील इजेला अपघात म्हणण्याची सोय नाही. पत्रलेखिकेने हा मुद्दा ओझरता मांडला असला, तरी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो; हनुवटीवर हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसला की डोके झटक्यात फिरते आणि मेंदू किंचित मागे राहतो. त्या ओढीत मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटू शकतात. रक्त साचत जाते, आणि खेळाडू कधी कधी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मग कोसळतो. कोतारी तर हरलाही नव्हता. त्याची १२ फेऱ्यांची लढत बरोबरीत सुटली होती. हातमोज्यांमुळे डोके वाचते, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. मोजे प्रामुख्याने मारणाऱ्याची बोटे वाचवतात, म्हणूनच कवटीसारख्या कठीण हाडावर पुन्हा पुन्हा जोराने मारणे शक्य होते. हळूहळू होणारा ऱ्हास तर याहून निराळा. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी मार खाऊन खाऊन झिंगल्यासारखे झालेल्या मुष्टियोद्ध्यांवर निबंध लिहिला होता, म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक झाली त्याला शंभर वर्षे होत आली.

कुस्तीत इजा होत नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. सुजून आकसलेले कान, निखळलेले खांदे, क्वचित मानेची गंभीर दुखापत, हे सगळे या शहराने पाहिले आहे. पण कुस्ती निकाली होते ती पाठ टेकल्यावर, आणि चितपट झालेला पैलवान माती झटकून उठतो. बॉक्सिंगमध्ये निर्विवाद विजय म्हणजे समोरच्याची शुद्ध हरपणे. तिथे उद्दिष्ट आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

यावर आम्हा चाहत्यांचे ठरलेले उत्तर असे की, खेळाडू सज्ञान आहे आणि स्वखुशीने उतरतो. आपल्या जिल्ह्यात बैलगाडा शर्यतींवर किती वाद झाला, हे आपण जाणता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे ग्राह्य धरले. त्या सबंध वादात एक मुद्दा वारंवार येत असे की, बैलाला ‘नाही’ म्हणता येत नाही. माणसाला ते म्हणता येते, हे खरे. मात्र कुठल्या माणसाला, हेही पाहिले पाहिजे. अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझिअर दक्षिण कॅरोलायनातल्या गरीब शेतकरी कुटुंबातून आला होता आणि फिलाडेल्फियातल्या कत्तलखान्यात राबला होता. आपल्याकडे मेरी कोमचे आईवडील मणिपुरात दुसऱ्यांच्या शेतात काम करत, आणि विजेंदर सिंगचे वडील हरियाणात एसटीसारख्या सरकारी बसचे चालक होते. या खेळाने त्यांना जे दिले ते दुसऱ्या कोणी दिले असते असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच बंदीची मागणी करणाऱ्या सुस्थितीतल्या लोकांचा मला थोडा रागही येतो. तरीही त्यांच्या संमतीने त्यांचा प्रश्न सुटतो. माझा सुटत नाही. त्यांनी धोका पत्करला तो पोटासाठी आणि नावासाठी, मी मात्र तो रविवारच्या करमणुकीसाठी पाहतो.

हे तत्त्वज्ञान माझ्या घरात कसे कोसळले, तेही सांगतो. माझा तेरा वर्षांचा नातू सुटीत आमच्याकडे आला होता. माझ्याबरोबर दोन-तीन लढती पाहिल्यावर त्याने बॉक्सिंगच्या वर्गाला जायची इच्छा दाखवली. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, निर्णय माझ्यावर सोपवला, कारण घरात या खेळातला जाणकार मीच. मी क्षणाचाही विलंब न लावता “नाही” म्हणालो आणि त्याला तालमीत घालायचे सुचवले. पोरगे थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग आबा, तुम्ही बघता ती कुणाची पोरं असतात?” त्याच्या प्रश्नात खोच नव्हती, त्याला खरोखरच उत्तर हवे होते. मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि पाणी प्यायला आत गेलो.

तरीही मी बंदीच्या बाजूचा नाही. स्वीडनने १९७० साली आणि नॉर्वेने १९८१ साली व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी आणली होती, पुढे दोन्ही देशांनी ती उठवली. आणि आपल्याकडे बंदी आली तर लढती डॉक्टर नसलेल्या गोडाऊनमध्ये होतील, एवढे मला नक्की वाटते. मला बदल हवा आहे तो पाहणाऱ्यांच्या नजरेत. ती नजर घडवण्यात वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाचा वाटा मोठा असल्यामुळे हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे.

आपण शौर्य कशाला म्हणतो, ते पाहा. मनिला येथे १ ऑक्टोबर १९७५ रोजी अली आणि फ्रेझिअर यांच्यात झालेल्या लढतीचे वर्णन गेली पन्नास वर्षे ‘मरेपर्यंत झुंज’ अशा थाटात केले जाते. पण त्या दिवशीचा सर्वांत मोठा निर्णय घेतला तो फ्रेझिअरचे प्रशिक्षक एडी फच यांनी. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती, आणि फ्रेझिअर उठायला निघाला होता. सुजलेल्या डोळ्यांनी त्याला समोरचे ठोसे दिसत नव्हते. फच यांनी त्याला खाली बसवले, सगळे संपले असे सांगितले, आणि त्याने त्या दिवशी जे केले ते कोणी विसरणार नाही, असा दिलासा दिला. फ्रेझिअरला ते आवडले नाही. अली आणि फ्रेझिअर दोघेही त्यानंतर अनेक वर्षे जगले. जुलै २०१९ मध्ये रशियाच्या मॅक्सिम दादाशेवची लढतही प्रशिक्षक बडी मॅकगर्ट यांनी अकराव्या फेरीनंतर थांबवली होती. ते त्याला अक्षरशः विनवत होते आणि तो मानेने नकार देत होता, हे चित्रफितीत दिसते. तोपर्यंत उशीर झाला होता. चार दिवसांनी, वयाच्या २८ व्या वर्षी तो गेला. त्या रात्री प्रेक्षागृहातल्या किंवा माझ्यासारख्या घरी बसलेल्या किती जणांनी मॅकगर्ट यांच्या बाजूने आवाज दिला असता? रेफरीने लढत ‘लवकर’ थांबवली म्हणून मी स्वतः कितीतरी वेळा शिव्या दिल्या आहेत. खासबागेत वस्तादाने पंचाकडे हात करून कुस्ती सोडवायला सांगितली तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही, हे मला ठाऊक असूनही दिल्या आहेत.

तेव्हा विनंती एवढीच की, ‘रक्तबंबाळ होऊनही झुंजला’ अशा छापाचे मथळे आपल्या पानावरून कमी व्हावेत, आणि लढत थांबवण्यासाठी टॉवेल टाकणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव विजेत्याच्या नावाइतक्याच ठळकपणे छापले जावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांच्या टायसनला यूट्यूबवरून प्रसिद्ध झालेल्या जेक पॉलविरुद्ध रिंगमध्ये उतरवण्यात आले, तेव्हा सगळीकडे चर्चा फक्त पैशांची आणि प्रेक्षकसंख्येची होती. मीही ती लढत पाहिली, आठही फेऱ्या पाहिल्या. १९८८ सालच्या त्या ९१ सेकंदांमधला माणूस शोधत होतो; तो काही दिसला नाही.

दुसरी विनंती स्थानिक स्पर्धांविषयी आहे. आता आपल्या भागातही मुलामुलींच्या बॉक्सिंग स्पर्धा होतात आणि आपण त्यांच्या बातम्या, छायाचित्रांसह, देता. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९१ मधील लढतीत मायकेल वॉटसन कायमचा जायबंदी झाला. रिंगच्या कडेला तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती म्हणून त्याने तिथल्या बॉक्सिंग मंडळाला न्यायालयात खेचले, आणि न्यायालयाने मंडळाला जबाबदार धरले. अशा इजेत पहिली काही मिनिटे किती मोलाची असतात, हे त्या खटल्याने सर्वांसमोर आणले. आपल्या वार्ताहराने पुढच्या स्पर्धेला जाताना आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात: लढत थांबवण्याचा अधिकार असलेला डॉक्टर रिंगपाशी आहे का, रुग्णवाहिका दारात उभी आहे का, आणि मेंदूची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा कोणत्या रुग्णालयाला आधी कळवून ठेवले आहे. मिळालेली उत्तरे निकालांच्या खाली छापावीत. चौकट छोटी असली तरी चालेल.

पत्रलेखिका भगिनींना एवढेच कळवायचे आहे की, त्यांचे पत्र मी कापून ठेवले आहे. येत्या रविवारीही मी टीव्ही लावणार आहे, हे त्यांच्यापासून लपवत नाही. नातू सध्या तालमीत जातो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही, आणि त्याने पुन्हा विचारलेले नाही.

आपला,
एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर