फिरून आल्यावरची भूक

मा. संपादक, स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर अधूनमधून एक तक्ता येतो: एका समोशासाठी इतकी मिनिटे चाला, एका जिलबीसाठी इतकी. हेतू चांगला असला, तरी त्यामुळे व्यायाम ही खाण्याची कमाई आहे असा समज पक्का होतो, अशी माझी तक्रार आहे. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात सकाळी फिरणाऱ्यांच्या गटात मीही आहे, आणि चार फेऱ्या झाल्या की ‘आज जिलबी कमावली’ म्हणत आम्ही पोह्यांच्या गाडीकडे वळतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अर्धा तास झपझप चालण्याने साधारण १५० कॅलरी खर्च होतात. १०० ग्रॅम जिलबीत त्याच्या दुपटीहून अधिक असतात, पोह्यांवरची शेव वेगळीच.

गंमत म्हणजे, त्या वेळी पोटाने काही मागितलेलेच नसते. दमवणाऱ्या व्यायामानंतर, भूक चाळवणाऱ्या घ्रेलिन या जठरातील संप्रेरकाचे सक्रिय रूप रक्तात काही काळ घटते आणि तृप्तीची सूचना देणारी आतड्यातील संप्रेरके वाढतात. साध्या चालण्याने भुकेत फारसा फरक पडत नाही. उलट १५ मिनिटे भरभर चालल्यावर चॉकलेटची ओढ कमी होते, असे इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले आहे. आमचे पाय गाडीकडे ओढतो तो कढईचा वास, आणि बक्षिसाची सवय.

म्हणून बसून राहावे, असे मात्र नाही. पोषणतज्ज्ञ जाँ मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली पश्चिम बंगालमधील तागगिरणीच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बैठे काम करणारे हलकी कामे करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. एकेकाळी गिरण्यांचे शहर असलेल्या इंदुरात वाढलेल्या मला त्याचे नवल वाटले नाही: दिवसभर गिरणीत उभे असणारे माझे वडील तीन पोळ्यांवर उठत, पेढीवर बसणारे आमचे घरमालक मात्र पाचव्या पोळीवरही तूप मागत.

तेव्हा तो तक्ता बंद करावा ही विनंती. त्याजागी, फिरून आल्यावर पाणी प्यावे, तासभर थांबावे आणि खरोखर भूक लागली तर खावे, एवढेच छापावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र असे थांबू नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वागावे, कारण व्यायामानंतर त्यांची साखर एकदम उतरू शकते. हे वाक्य ठळक अक्षरांत असावे.

आपला,
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर