शटर बदलण्याआधी दोष ओळखावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग नक्षत्र तोंडावर आले की खान्देशातल्या बाजारपेठांत शटर-दुरुस्तीची कामे एकदम वाढतात. आखाजीपासून उठणाऱ्या वावटळींनी शटरच्या दोन्ही बाजूंची गाइडे, म्हणजे पट्ट्यांची टोके ज्यांतून सरकतात त्या उभ्या खाचा, धुळीने भरलेली असतात आणि त्यात पहिल्या पावसाचे पाणी शिरले, की आधीपासून कुरकुरणारे शटर ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी अर्ध्यावर अडकते. अशा वेळी दुकानदाराला मिळणारा सल्ला बहुधा ठरलेला असतो : "शेठ, आता पूर्ण शटरच बदलून टाका." माझी सगळी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेड शिकवण्यात झाली. भंगारात आलेली शटरे पाहताना आजही जाणवते, की त्यांतल्या अनेकांचा दोष एखाद्या क्लॅम्पपुरता किंवा तळाच्या पट्टीपुरताच होता. दोष नेमका कुठे आहे हे दुकानदाराला स्वतःला सांगता आले, तर हा खर्च बराच टळेल.

हाताने ओढायचे, १० फूट रुंद आणि ८ फूट उंच असे १८ गेजचे, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाड पत्र्याचे शटर ९० किलोच्या आसपास भरते. एवढे वजन माणूस एका हाताने वर नेतो, कारण वरच्या पाइपावरच्या स्प्रिंगा तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारख्या त्याला तोलून धरतात. शटर खाली ओढताना स्प्रिंगांना पीळ बसतो आणि वर नेताना तोच पीळ उपयोगी पडतो. म्हणून "शटर जड झाले" या तक्रारीत पहिला प्रश्न हा, की पीळ कमी झाला आहे की घर्षण वाढले आहे. याची परीक्षा सोपी आहे. शटर कमरेइतके उचलावे आणि हात पूर्ण न सोडता पकड हळूहळू सैल करावी. ते आपल्या वजनाने खाली सरकू लागले, तर स्प्रिंग कमजोर झाली आहे. ते जागीच थांबले, पण वर नेताना आणि खाली ओढतानाही सारखाच जोर लागत असेल, तर स्प्रिंगला हात लावण्याचे कारण नाही, दोष गाइडमध्ये आहे. आपोआप वर पळणाऱ्या शटरला पीळ जास्त दिला गेला आहे आणि तेही खालच्या कुलपाच्या दृष्टीने चांगले नाही.

कालपर्यंत हलके चालणारे शटर आज एकाएकी जड झाले, तर शक्यता दोनच. स्प्रिंग तुटली असेल, तर तुटताना मोठा आवाज झालेला असतो आणि वरचे कव्हर उघडल्यावर वेटोळ्यांत फट दिसते. तुटण्याची जागा बहुतेक वेळा टोकाच्या वाकणाजवळ असते. दुसरी शक्यता मात्र पुष्कळ कारागीर तपासतच नाहीत. स्प्रिंगांचा पाइप ब्रॅकेटवर क्लॅम्पने आवळलेला असतो. हा क्लॅम्प सैल झाला, की पाइप उलटा फिरतो आणि सगळा पीळ एका क्षणात निघून जातो. अशा वेळी क्लॅम्पच्या कडेला पाइपावर गंज खरवडून निघालेला, ताजा चकाकणारा पट्टा दिसतो. तो दिसला आणि वेटोळी अखंड असली, तर नव्या स्प्रिंगचे पैसे देण्याची गरज नाही. पुन्हा पीळ देऊन क्लॅम्प नीट आवळला की काम होते.

हे काम मात्र दुकानदाराने किंवा दुकानातल्या पोऱ्याने कधीही करू नये. पीळ भरलेल्या पाइपाचा क्लॅम्प सोडला, की त्याला लावलेला पाइप-पाना गर्रकन फिरतो आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनगटावर किंवा तोंडावर बसतो. शटर खाली असताना पीळ सर्वांत जास्त असतो, हे ठाऊक नसलेले हौशी लोक नेमके शटर खाली ओढून, दार बंद करून, निवांतपणे नट सोडायला बसतात.

शटर तिरके चालत असेल, तर तळपट्टीच्या दोन्ही टोकांपासून फरशीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. फरक निघाला, तर एका बाजूची स्प्रिंग गेलेली असते, किंवा पट्ट्यांच्या टोकांचे रिव्हेट निघून पट्ट्या एका अंगाला सरकलेल्या असतात. याहून गंभीर कारण भिंतीतला ब्रॅकेट ढिला होण्याचे आहे. सकाळी झाडताना शटरच्या कोपऱ्याखाली रोज सिमेंटचा ताजा भुगा सापडू लागला, तर त्या दिवशीच शटरला खालून टेकू द्यावा आणि कारागीर बोलवावा, कारण तिथे संपूर्ण गुंडाळा माणसाच्या डोक्यावर येण्याचा धोका असतो.

आपल्या भागात सर्वाधिक नुकसान मात्र होते ते ग्रीसमुळे. शटर वाजू लागले की गाइडमध्ये बोटभर ग्रीस भरण्याची पद्धत सर्वत्र आहे. धुळे-जळगावच्या धुळीत हे ग्रीस महिनाभरात काळ्या लगद्यासारखे होते, जिनिंगच्या आसपास तर त्यात कापसाचे तंतूही मिसळतात, आणि तो लगदा पट्ट्यांची टोके पॉलिश-पेपरप्रमाणे झिजवतो. गाइड रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे आणि आतून मेणबत्ती घासावी; तेलाचे थेंब फक्त वरच्या पुलीला व बेअरिंगला द्यावेत. "उन्हाने पत्रा फुगला" हे कारण तर मला दर उन्हाळ्यात ऐकायला मिळते. तीन मीटर लांबीची लोखंडी पट्टी तापमान ३० अंशांनी वाढल्यावर जेमतेम एक मिलिमीटर लांबते. गाइडमध्ये तेवढी जागा नसेल, तर चूक उन्हाची नाही. गाइड वाकले आहे किंवा बसवतानाच अंतर कमी ठेवले आहे. माल उतरवणाऱ्या टेम्पोचा मागचा कोपरा गाइडला लागल्याचे दुकानदार सहसा विसरलेला असतो.

गंजाची सुरुवात तळपट्टीपासून होते, कारण रोज सडा टाकताना आणि फरशी धुताना पाणी तिथेच साचते. तळपट्टी आणि तिच्या वरच्या एक-दोन पट्ट्या गेल्या, म्हणून सगळे शटर टाकाऊ ठरत नाही. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि बाजूने सरकवून सुट्या करता येतात. त्याच घडीची आणि त्याच गेजची पट्टी मिळाली की काम भागते. त्याऐवजी सुटलेल्या दोन पट्ट्या वेल्डिंगने जोडून टाकणे ही शुद्ध फसवणूक आहे. जोडलेला भाग गुंडाळताना वाकत नाही आणि शेजारची पट्टी फाटते. तुटलेली स्प्रिंग वेल्ड करणे हाही तसाच प्रकार आहे, कारण स्प्रिंगचे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने ठिसूळ होते.

कुलपाचा दांडा भोकात शिरत नसेल, तर हातोडा घेण्याआधी उंबऱ्यावरची माती काढून पाहावी. मोटारीच्या शटरांबाबत एवढेच सांगतो, की काही वेळा लागोपाठ वर-खाली केल्यावर मोटार बंद पडली, तर ती जळालीच असे नाही. तापल्यावर आतला संरक्षक स्विच ती थांबवतो आणि अर्धा तास थंड होऊ दिल्यास ती पुन्हा चालते. ती नुसती गुणगुणत असेल, तर व्होल्टेज किंवा कपॅसिटर तपासून घ्यावा. वीज गेल्यावर हाताने शटर उघडायची साखळी किंवा हँडल कुठे आहे, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत असलेच पाहिजे.

धातूच्या रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे, पण नव्या शटरच्या बिलावर पत्र्याचा गेजसुद्धा अनेकदा लिहिलेला नसतो. व्यापारी संघटनांनी निदान गेज, स्प्रिंगांची संख्या आणि बसवल्याची तारीख बिलावर लिहून घेण्याचा आग्रह सभासदांकडे धरावा. खान्देशातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीही फिटर आणि वेल्डर ट्रेडच्या प्रात्यक्षिकांत जुने शटर खोलून दोष शोधण्याचे काम घ्यावे. त्यासाठी लागणारी शटरे भंगारात वजनाच्या भावाने मिळतात.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, धुळे