दुखणे अंगावर काढू नये म्हणून

ती. आईस आणि ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलेस, "खुबा अजून दुखतो का गं?" आणि मी "आता बरे आहे" एवढेच म्हणून विषय बदलला. त्याच बोलण्यात धाकटीचे हिमोग्लोबिन पुन्हा खाली आल्याचे आणि माझे पाहून तिने तीन आठवड्यांपासून गहू बंद केल्याचे तू जाता जाता सांगितलेस. फोन ठेवल्यावर मला दोन्ही गोष्टींची रुखरुख लागली. माझे दुखणे मी तुमच्यापासून लपवते आहे आणि तिचे दुखणे ती तपासणीवाचूनच निस्तरू पाहते आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते. बाबा, पत्र तुम्हीही वाचा आणि धाकटीलाही वाचायला द्या.

सध्या एकतिसावा आठवडा सुरू आहे. बाळाची वाढ नीट आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. दुखणे सुरू झाले ते बाविसाव्या आठवड्यात. एका सकाळी उभ्याने पायजमा घालताना डावा पाय उचलला आणि ओटीपोटाच्या खाली, अगदी मधोमध, अशी कळ गेली की भिंतीला हात टेकून मी तशीच उभी राहिले. त्यानंतर ते रोजचेच झाले. जिना चढताना, गाडीतून उतरताना आणि सर्वांत जास्त म्हणजे रात्री कूस बदलताना पाठीच्या तळापासून खुब्यापर्यंत सणक जाई आणि पुढच्या हाडात काहीतरी कट् आवाज करून सरकल्यासारखे वाटे.

माझा पहिला संशय ग्लुटेनवर, म्हणजे गव्हातल्या प्रथिनावर, गेला. तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅकचे, म्हणजे ग्लुटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराचे, निदान झाले त्याआधी माझे गुडघे आणि बोटांचे सांधे किती दुखत असत. त्यामुळे पोटात गव्हाचा कण गेला असणार, असे मी धरून चालले. स्वयंपाकघर दोनदा धुऊन काढले, चाळणी आणि लाकडी चमचे टाकून दिले, घरातले प्रत्येक पाकीट पुन्हा वाचले आणि भीतीपोटी जेवण इतके मोजके केले की पंधरा दिवसांत वजन वाढायचे थांबले. दुखणे मात्र होते तसेच राहिले. ते पंधरा दिवस मी वाया घालवले आणि त्या काळात बाळाला जे मिळायला हवे होते त्यातही काटछाट केली, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी रक्तातली सिलिअ‍ॅकची प्रतिद्रव्ये तपासली. ती सामान्य निघाली, म्हणजे पथ्य नीट चालू होते. 'ड' जीवनसत्त्व मात्र कमी होते. मग फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून मला कटिबंध, म्हणजे कमरेखालच्या हाडांचे कडे, कसा असतो ते दाखवले. मागे मनगटे जिथे जुळतात तिथे त्रिकास्थीचे (पाठीच्या तळाच्या हाडाचे) दोन सांधे, आणि पुढे बोटांची टोके जिथे टेकतात तिथे जघनास्थीचा (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाचा) सांधा. गरोदरपणात संप्रेरकांमुळे या सांध्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल होतात, शरीराचा तोल बदलतो आणि दोन्ही बाजू सारख्या हलेनाशा झाल्या की दुखू लागते. पाचांपैकी साधारण एका गरोदर स्त्रीला हा त्रास होतो, असे त्या म्हणाल्या. त्यामुळे बाळाला काही इजा होत नाही आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकींचे दुखणे जाते.

आता दोन दुखण्यांतला फरक मला माझ्यापुरता कळू लागला आहे. चुकून ग्लुटेन पोटात गेले की मला आधी पोट फुगते, तोंड येते, अंगात त्राण राहत नाही आणि दोन्ही बाजूंचे सांधे बसल्या जागीही ठणकतात. काही दिवसांत ते आपोआप ओसरते. हे नवे दुखणे हालचालीला बांधलेले आहे. एका पायावर भार आला की येते, पाय जुळवून शांत बसले की कमी होते. प्रत्येकीला असेच होईल असे नाही, पण हे ओळखता येऊ लागल्यापासून मी ताटाकडे संशयाने पाहणे सोडून दिले आहे.

तरी सिलिअ‍ॅकचा या दुखण्याशी काहीच संबंध नाही, असेही नव्हे. गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे आपलेच प्रतिकारशक्तीचे सैन्य लहान आतड्यातल्या बारीक अंकुरांवर उलटते. ते अंकुर झिजले की लोह, फोलेट, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व अंगी लागत नाही. निदान होईपर्यंतच्या वर्षांत माझ्या हाडांची जी झीज झाली असेल तिची भरपाई सावकाशच होणार, आणि आता बाळाची हाडेही घडत आहेत. म्हणूनच डॉक्टरांनी मला बजावून ठेवले आहे की, जांघेत खोलवर दुखू लागले आणि पाय टेकताच ते इतके वाढले की लंगडावे लागले, तर नेहमीचेच आहे म्हणून बसू नये. शेवटच्या तिमाहीत क्वचित खुब्याचे हाड तात्पुरते ठिसूळ होते; ते एमआरआयवर दिसते आणि वेळीच भार कमी केला तर मोडण्याचा धोका कमी होतो. ताप येणे, पायांत बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे किंवा एकच पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

औषधांचेही सांगते. 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेते. लोहाची गोळी कॅल्शियमपासून काही तास दूर ठेवते, कारण एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही; चहाही तिच्या आसपास घेत नाही. गोळी बांधायला स्टार्च वापरतात आणि तो कोणत्या धान्याचा आहे हे बाटलीवर नेहमी लिहिलेले नसते, म्हणून प्रत्येक नवी गोळी औषधविक्रेत्याला विचारून घेते. दुखणे असह्य झाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेते. घरात पडून असलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, आपल्या मनाने घ्यायच्या नसतात. हे चुलतबहिणीलाही जरूर सांग.

बाकी आराम मिळतो तो अगदी साध्या गोष्टींनी. रात्री कूस बदलण्याआधी मी गुडघे वाकवून घट्ट जुळवते, त्यांच्यामधली उशी तशीच धरून ठेवते, श्वास सोडते आणि खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळवते. पहिल्यांदा हे जमले त्या रात्री सणक आली नाही आणि मला रडूच कोसळले. कपडे बसूनच घालते, जिना एकेक पायरी चढते, गाडीत आधी बसते आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेते. बाई म्हणाल्या म्हणून कमरेखाली आधाराचा पट्टा चालताना बांधते. पोहायला जाते, पण बेडकासारखे पाय फाकवून नाही. ओटीपोटाचे आणि कटितळाचे (ओटीपोटाला खालून आधार देणाऱ्या स्नायूंचे) व्यायाम रोज चालू आहेत. गुडघे न दुखता किती फाकतात ते बाईंनी मोजून लिहून दिले आहे. तो कागद मी प्रसूतीच्या पिशवीत सर्वांत वर ठेवला आहे, म्हणजे त्या वेळी माझे पाय कोणी त्यापलीकडे ताणणार नाही.

आई, तुझ्या वेळी तू हे सारे मुकाट्याने सोसलेस हे मला ठाऊक आहे. "बाईच्या जातीला दुखायचेच" असे आजी म्हणायची आणि तू तेच मानलेस. आता तुझ्या खुब्याच्या दुखण्यावर आणि कधीच न भरून आलेल्या रक्तावर मी नव्याने विचार करते आहे. जगात साधारण शंभरातल्या एकाला सिलिअ‍ॅक असतो, पण ज्याला तो आहे त्याच्या आईवडिलांत, भावंडांत आणि मुलांत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास जाते. पोटाची काहीच तक्रार नसते आणि नुसता रक्तक्षय किंवा हाडांचे दुखणे असते, असेही पुष्कळदा घडते. माझे तसेच होते.

म्हणून धाकटीला माझा निरोप सांग की, तिने मनानेच गहू बंद ठेवू नये. तपासणीआधी ग्लुटेन सोडले तर प्रतिद्रव्ये उतरू लागतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. तिने डॉक्टरांना तीन आठवड्यांचे पथ्य स्पष्ट सांगावे आणि पुन्हा किती दिवस गहू खाऊन रक्त द्यायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. माझ्या डॉक्टरांनी किमान सहा आठवडे आणि रोज एकाहून अधिक वेळा, असे सांगितले. तपासणीचे नाव टीटीजी आयजीए असे आहे, सोबत एकूण आयजीएही (या प्रकारच्या प्रतिद्रव्यांचे रक्तातले एकूण प्रमाण) करायला सांगावे. तू आणि बाबांनीही तीच तपासणी करून घ्यावी. तुम्ही दोघे गहू खातच आहात, त्यामुळे तुमचे रक्त या आठवड्यातही देता येईल. तिघांचे अहवाल आले की फोटो काढून मला पाठवा. माझी पुढची भेट तेहतिसाव्या आठवड्यात आहे, त्याआधी मिळाले तर मी ते माझ्या डॉक्टरांनाही दाखवेन.

तुझी,
थोरली