‘पेन्शन नको’ एवढे लिहून भागत नाही

ब्रिटनमध्ये छोटे व्यवसाय थाटणाऱ्या मराठी मंडळींवरील रविवारच्या लेखात कामगारांच्या पेन्शनचा विषय ‘नको असेल तर सुरुवातीलाच लेखी घ्या’ एवढ्यावर उरकला आहे. हा सल्ला महागात पडेल. दुकानात एकच नोकर असला, तरी तो 22 वर्षांवरचा, सरकारी पेन्शनच्या वयाखालचा आणि वर्षाला 10 हजार पौंडांहून अधिक मिळवणारा असेल, तर त्याला आधी योजनेत घ्यावेच लागते. नको असल्यास त्याने स्वतः, सहसा पेन्शन कंपनीकडूनच अर्ज मिळवून, महिन्याभरात बाहेर पडायचे. मालकाने तसे सुचवणेही बेकायदा! शिवाय कोणीच पात्र नसले, तरी पेन्शन रेग्युलेटरकडे पाच महिन्यांत घोषणापत्र भरावे लागते. ते राहिले, की आधी नोटीस आणि मग 400 पौंड दंड.

– एक वाचक, लेस्टर