साहेब, शिकाऊंना शिकवणारा माणूस नेमून द्या

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी दिघ्याची. आयटीआयला दोन वर्षं तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, ट्रेड केला आणि त्यानंतर एक वर्ष वीज वितरणाच्या कामावर शिकाऊ उमेदवार म्हणून काढलं. ते वर्ष नुकतंच संपलं. हे काम मला आवडतं आणि आयुष्यभर हेच करायचं आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले. कार्यालयाचं, साहेबांचं, ठेकेदाराचं नाव मी यात मुद्दाम घातलेलं नाही. एकाच ठिकाणची चूक असती तर तिथेच अर्ज दिला असता. माझ्याबरोबर पास झालेली मुलं-मुली ठाण्यात, कळव्यात, पनवेलला शिकाऊ म्हणून लागली होती. फोनवर बोलताना सगळ्यांची तक्रार एकच निघाली, तेव्हा तुमच्यापर्यंत यायचं ठरवलं.

१२ ऑक्टोबर २०२० चा दिवस तुम्हालाही आठवत असेल. पडघ्याहून कळव्याला येणाऱ्या ४०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थांबली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी तेव्हा दहावीत होते. करोनामुळे शाळा मोबाईलवर चालायची, तीही बंद. राज्याची वीज जिथून सांभाळली जाते ते भार प्रेषण केंद्र आमच्या इथून जवळ, ऐरोलीला, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच आहे. रोज त्या रस्त्याने जाऊनही तिथे काय चालतं ते मला माहीत नव्हतं. वीज म्हणजे बटण, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की बटणाच्या मागे माणसं आहेत. आईचा विरोध होता, पण मी तारतंत्रीलाच नाव घातलं.

शिकाऊ म्हणून रुजू झाले त्या दिवशी आम्ही दोघं होतो. मी आणि माझ्याच बॅचचा एक मुलगा, कळव्याचा, वडील रिक्षा चालवतात. मला बघून साहेब म्हणाले, "ताई, तू इथे टेबलावर बस, तक्रारी लिहून घे." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मुलीला पोलवर कशाला पाठवायचं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मुलाला मात्र पहिल्याच आठवड्यात गाडीत बसवलं, कारण माणूस कमी होता.

साडेतीन महिने मी टेबलावर होते. फोन उचलायचा, ग्राहक क्रमांक लिहायचा, "काम चालू आहे" म्हणायचं. पक्कड हातात आली ती फक्त कपाटाची बिजागरी सरळ करायला. तिकडे तो तिसऱ्या आठवड्यात शिडीवर होता. मला कुणी काही शिकवत नव्हतं आणि त्याला न शिकवताच वर चढवलं होतं. दोन्हीचं मूळ एकच. शिकाऊला शिकवणं हे त्या कार्यालयात कुणाचंच काम नव्हतं.

जुलैतली संध्याकाळ होती. दिवसभर पाऊस, सात वाजता जरा उघडलं. बाजाराच्या चौकात पोलवरचा जम्पर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, सैल होऊन ठिणग्या पडत होत्या. ठेकेदाराचे दोघे आणि तो मुलगा, असे तिघे गेले. डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतले) फ्यूज काढले आणि लाईन बंद झाली असं धरून चालले. तारेत वीज आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प लावून बघितला नाही. अर्थिंगची साखळी, म्हणजे बंद तार जमिनीला जोडणारी, तर गाडीत नव्हतीच. ती ऑफिसात, माझ्या टेबलामागच्या कपाटाच्या आडोशाला पडून होती. आयटीआयमध्ये आम्हाला ती दाखवली होती. रोज दिसायची मला. ती बरोबर का नेत नाहीत हे मी एकदाही विचारलं नाही, आणि ते अजून मनातून जात नाही.

चौकातल्या एका दुकानाने लाईट गेल्यावर जनरेटर चालू केला. जनरेटर चालवताना दुकान लाईनपासून तोडणारा स्विच, चेंजओव्हर, धड नव्हता. जनरेटरची वीज पोलवरून दुकानात येणाऱ्या सर्व्हिस वायरमधून उलटी लाईनवर आली आणि बंद समजलेल्या तारेत करंट उतरला. त्या मुलाचा हात तारेवर होता. झटक्याने तो शिडीवरून खाली आला, दहा-बारा फूट. मनगट मोडलं, तळहाताला भाजलं. जिवावर बेतलं नाही, ते नशीब. इकडे मी टेबलावर फोन उचलत होते. "लाईट कधी येणार?" एकामागून एक सगळ्यांचा तोच प्रश्न. मी सांगत होते, काम चालू आहे.

नंतर कागदावर कारण लिहिलं गेलं : स्वतःचा निष्काळजीपणा. कायदा मी तेव्हा पहिल्यांदा उघडून वाचला. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याच्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. पण कलम १६ म्हणतं की प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, जशी ती भरपाईच्या कायद्याने कामगाराच्या बाबतीत असते. हे त्याच्या वडिलांना कुणी सांगितलं नाही. युनियनवाले म्हणाले, तो आमचा सभासद नाही. कार्यालय म्हणालं, तो आमचा कर्मचारी नाही. साहेब, कागदावर तो विद्यार्थी होता, मग त्या संध्याकाळी शिडीवर त्याच्याबरोबर त्याचा मास्तर का नव्हता? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

त्यानंतर मी अर्ज करून दुसऱ्या शाखेत बदलून गेले, एमआयडीसीच्या कडेला. तिथे मला काका भेटले. वरिष्ठ तंत्रज्ञ, निवृत्तीला थोडा काळ उरलेला, बोलायला कडक. त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, "टेबल पाहिजे का लाईन पाहिजे?" मी म्हटलं लाईन. "मग दीड महिना खाली उभी राहशील, वर बघत. चालेल?" चालेल म्हटलं.

त्या दीड महिन्यात मी जे शिकले ते दोन वर्षांत शिकले नव्हते. हत्यार वर कधी फेकायचं नाही, दोरीला बांधून पाठवायचं. पोलला शिडी लावण्याआधी पोलचं बूड बघायचं, खाडीच्या हवेने लोखंड जमिनीलगत आतून खाल्लेलं असतं. कमरेचा पट्टा घातला म्हणजे झालं असं नाही, त्याची कडी आणि शिवण रोज सकाळी बोट फिरवून बघायची. नवी मुंबईच्या नोडमध्ये (आखून वसवलेल्या वस्त्यांत) केबल जमिनीखालून आहे, तिथे पोलपेक्षा फीडर पिलरची, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीची, भीती जास्त. पावसाळ्यात पिलरचं दार उघडताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आत उंदीर, पाली, कधी सापही असतो. बसबारवर, म्हणजे आतल्या वीज वाहणाऱ्या जाड पट्टीवर, जळून चिकटलेली पाल काकांनी मला मुद्दाम दाखवली. म्हणाले, "हिला वाटलं, गरम जागा आहे."

आणि परमिट, म्हणजे लाईन बंद करून काम करायची परवानगी. २२ केव्हीच्या लाईनवर काम असलं की काका उपकेंद्रात फोन लावायचे. यंत्रचालक ब्रेकर बंद करून परमिटचा नंबर सांगायचा. काका तो मोठ्याने परत म्हणायचे आणि मला वहीत लिहायला लावायचे, वेळेसकट. मग एबी स्विच, म्हणजे पोलवरचा लाईन तोडणारा स्विच, उघडायचा, त्याला कुलूप, चावी काकांच्या खिशात, हँडलला 'माणसे काम करीत आहेत' ही पाटी. मग टेस्टर. मग डिस्चार्ज रॉड, तारेतली उरलेली वीज जमिनीत सोडणारी दांडी : आधी त्याचं अर्थचं टोक जमिनीतल्या अर्थला घट्ट आवळायचं, त्यानंतरच हूक तारेवर. काढताना उलटं, आधी तारेवरचा हूक, शेवटी अर्थ. मी एकदा काढताना क्रम चुकवला. लाईन बंद होती, काही झालं नसतं. तरी काकांनी काम थांबवलं, सगळ्यांना खाली उतरवलं आणि माझ्याकडून तो क्रम दहा वेळा करून घेतला. खालून कारखान्याचा मॅनेजर ओरडत होता, प्रॉडक्शन बंद आहे म्हणून. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे काही काकांचं स्वतःचं शास्त्र नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही हेच आहे की तारेला हात लावण्याआधी ती अर्थ करून निर्धोक केली पाहिजे. नियम आधीपासून आहे. तो हातात उतरायला मात्र शेजारी उभा राहून क्रम चुकल्यावर काम थांबवणारा माणूस लागतो. चौकातल्या त्या संध्याकाळी तसा कुणी असता तर साखळी गाडीत असती.

डिसेंबरात मी पहिल्यांदा पोलवर चढले. वर पोचल्यावर पाय लटपटत होते ते खालून दिसू नये म्हणून मी पट्टा ताणून पोलला चिकटले. खालून काका म्हणाले, "घाई नाही. आधी श्वास घे, मग इन्सुलेटर बघ." तार पोलपासून अलग धरणारा तो पिन इन्सुलेटर मी बदलला. तडकलेला जुना खाली दोरीने पाठवला, तो आमच्या घरी टीव्हीजवळ ठेवला आहे. आई आता पाहुण्यांना दाखवते.

पण काका हे सगळं स्वतःच्या मनाने करत होते. त्यांच्याकडे कसला आदेश नव्हता. माझ्यासमोर त्यांना एकदा विचारलं गेलं, "पोरीला शिकवत बसलात, तक्रारी कोण बघणार?" त्यांनी डबा न खाता त्या तक्रारी बघितल्या. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता आणि त्याने मला टेबलावर बसवलं असतं, तर त्याला कुणीच काही म्हटलं नसतं. एखाद्याच्या चांगुलपणावर पोरांचे जीव आणि हात सोपवून चालणार नाही, साहेब.

म्हणून मागणी एकच आहे. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला रुजू होतानाच एक अनुभवी तंत्रज्ञ नावानिशी नेमून द्या, लेखी आदेशाने. त्या तंत्रज्ञाच्या कामाच्या तासांत शिकवण्याचा वेळ धरा, त्या दिवशी त्याच्या तक्रारी दुसऱ्याकडे द्या, आणि या कामासाठी त्याला भत्ता द्या. तो हजर नसेल तर शिकाऊ लाईनला हात लावणार नाही, मग बाहेर कितीही अंधार असो. शिकाऊ काय शिकला याची वही दर महिन्याला त्या दोघांच्या सहीने वर जाऊ द्या. आज आमच्या वहीत हजेरी आहे, शिक्षण नाही. मुलगी असेल तर तिलाही हीच वही, हाच पट्टा (आमच्या मापाचा मिळाला तर उपकार होतील) आणि हाच पोल. शाखा कार्यालयात मुलींसाठी संडास नसतो, पण त्यावर मी वेगळा अर्ज करेन.

शिकाऊ उमेदवारीचा विषय कौशल्य विकास विभागाकडे आहे हे मला माहीत आहे. कायद्यात मालकाने शिकाऊंना पुढे भरतीत कसं घ्यायचं याचं धोरण स्वतः ठरवावं असंही आहे, त्यावर आमची वेगळी चर्चा चालू असते. आयटीआय झालेल्याला महिन्याचं किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत ७००० रुपये ठरलं होतं, त्यात बूट, प्रवास, डबा. तेही कसंबसं निभावतं. पण पोल, पिलर, उपकेंद्रं तुमच्या खात्यात येतात आणि काकांसारखी माणसंही तुमच्याच खात्यात आहेत. म्हणून हे पत्र तुम्हाला.

दरवर्षी ४ मार्चला लाईनमन दिवस होतो. पुढच्या ४ मार्चला, ज्यांनी वर्षभर एखाद्या शिकाऊला हाताशी धरून तयार केलं त्या तंत्रज्ञांना त्यांच्या शिकाऊसोबत बोलवा. मी माझ्या काकांना घेऊन येईन.

ते येत्या मे महिन्याअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्या शाखेत त्यांच्याइतकं जाणणारा दुसरा नाही. जून उजाडेल, पाऊस लागेल, केबलचे फॉल्ट सुरू होतील आणि थोड्याच दिवसांत शिकाऊंची नवी तुकडी येईल. निवृत्त तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी मानधनावर घेण्याचा आदेश त्याआधी निघाला तर बरं होईल. मी काकांना विचारून ठेवलं आहे. रोज सकाळी दोन तास, ठाणे किंवा वाशी कुठेही, यायची त्यांची तयारी आहे. कळव्याचा तो मुलगाही परत यायचं म्हणतो. मनगट जुळलंय, पण वर चढायला धजत नाही. काका म्हणाले, त्याला आधी माझ्याकडे पाठव, दीड महिना खाली उभा राहू दे.

आपली विश्वासू,
एक तारतंत्री, माजी शिकाऊ उमेदवार
दिघा, नवी मुंबई