कर्जबाजारी देशातून बाबांना

निशी-कासाई, तोक्यो
जून 2025

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

सगळ्या देशांची सरकारं कर्जात बुडाली, आता दहा-वीस वर्षं जगभर मंदी, तेव्हा ठेवी मोडून सोनं घ्यावं का, असं तुम्ही परवा एक व्हिडिओ बघून विचारलंत आणि आईने विषय बदलला. म्हणून हे पत्र.

मी राहते तोच देश मोठ्या अर्थव्यवस्थांत कर्जाच्या प्रमाणात सगळ्यांच्या पुढे. जपान सरकारचं कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे. आपलं, केंद्र आणि राज्यं मिळून, ऐंशी टक्क्यांच्या आसपास. जपानच्या अर्थसंकल्पाचा जवळजवळ चौथा हिस्सा मुद्दल-व्याजात जातो. तरी दिवाळं निघालेलं नाही. ग्रीसचं कर्ज प्रमाणात याहून कमी होतं, पण ते युरोत, आणि सावकार बहुतेक परदेशी. 2010 मध्ये त्यांनी हात आखडला आणि पुढे काही वर्षांत ग्रीसचं उत्पन्न चौथ्या हिश्श्याने घटलं. जपानचं कर्ज येनमध्ये आणि बहुतेक घरातलंच: बँका, विमा कंपन्या, आणि निम्म्याच्या आसपास कर्जरोखे खुद्द बँक ऑफ जपानकडे, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेकडे. बापाने मुलाकडून उसने घेतले तर दारात वसुलीवाला येत नाही. (मुलगा मनात काय म्हणतो ते वेगळं.)

तुमच्या त्या व्हिडिओत क्रमच उलटा सांगितलाय. इथे मंदी आधी आली, कर्ज मागून वाढलं. 1989 च्या डिसेंबरात निक्केई, म्हणजे इथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, 38,915 वर होता. मग शेअर कोसळले, मागोमाग जमिनींचे भाव. जमिनी तारण ठेवून बसलेल्या कंपन्या पुढे कित्येक वर्षं नवं काही उभारायचं सोडून जुनी देणी फेडत राहिल्या. एकेकीचं वागणं शहाणपणाचंच, पण सगळ्यांनीच एकदम मूठ आवळल्यावर माल घेणार कोण? मग सरकार रस्ते-पूल बांधत सुटलं, त्यासाठी रोखे काढत गेलं. 1997 मध्ये जरा सावरतंय असं वाटताच उपभोग कर 3 वरून 5 टक्के केला. त्याच वर्षी यामाइची सिक्युरिटीज ही शेअर दलालीतली मोठी कंपनी बुडाली. निक्केईला जुना आकडा ओलांडायला 2024 उजाडलं.

याचा भुर्दंड कुणाला? आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ त्याच सुमारास पदवीधर झाले. कायमची नोकरी लागायला चाळिशी आली. त्या पिढीला इथे ‘नोकऱ्यांच्या हिमयुगातली’ म्हणतात. दुसरे तुमच्यासारखे बचत करणारे. 2016 मध्ये मोठ्या बँकांचा बचत खात्यावरचा दर 0.001 टक्के झाला, म्हणजे दहा लाख येनवर वर्षाला दहा येन! भाव मात्र जागचे हलत नव्हते. त्याच वर्षी ‘गारिगारी-कुन’ नावाच्या बर्फकांडीची किंमत पंचवीस वर्षांनी 60 ची 70 येन झाली, तर कंपनीची माणसं टीव्हीवर ओळीने उभी राहून वाकून माफी मागत होती.

आता वारं फिरलंय. तांदूळ वर्षभरात दुपटीच्या घरात गेला, सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. कृषिमंत्री म्हणाले, मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थकच आणून देतात. गेल्या महिन्यात त्यांना राजीनामा द्यावा लागला. बँक ऑफ जपानचा व्याजदर वाढून 0.5 टक्क्यावर आलाय. तुम्ही हसाल, पण आमचं गृहकर्ज बदलत्या दराचं आहे आणि सरकारचं ओझंही आजवर दर कमी म्हणूनच हलकं राहिलंय. खरी परीक्षा आता आहे. येन पडल्याने मी पाठवते त्याचे रुपयेही कमी होतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तेव्हा ठेवी मोडू नका. तोळा लाखाच्या घरात असताना तर नाहीच. आईला बांगड्या हव्या असतील तर तो वेगळा खर्च समजा. मला काळजी आहे ती तुम्ही अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत ठेवलेल्या रकमेची. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. मुदत कधी संपते ते पावती बघून कळवा. तोवर नूतनीकरणाच्या अर्जावर सही करू नका.

आईला नमस्कार.

तुमची,
मीनू