फ्लेक्सवरची वहिनी

कोल्हापूर,
ललिता पंचमी

चि. लेकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या भांड्यांच्या दुकानासाठी तू केलेलं दिवाळीच्या फ्लेक्सचं डिझाईन मिळालं, रीलची स्क्रिप्टही वाचली. रंग झकास आहेत. अक्षरं इतकी ठळक, की नवरात्रातल्या महाद्वार रोडच्या गर्दीत एकमेकांच्या पायावर पाय देत चाललेल्या माणसाचीसुद्धा मान वर होईल. पप्पांना एकदम पसंत पडलं, ते छापायलाच निघाले होते. मी थांबवलंय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो आई, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून लिहायला बसले. नीट वाच.

फ्लेक्सवर पदर खोचलेली एक वहिनी आहे. हात बांगड्यांनी भरलेले, तळवा मिक्सरच्या झाकणावर, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू पोरगी एमपीएससी पास झाल्याचा फोन आलाय. मागं सूटबूट घातलेला नवरा. वर ओळ, 'या पाडव्याला वहिनी होणार खूश!' खाली दोन रांगा. कुकर, शेगडी, मिक्सर, डब्यांचा सेट यांच्याशेजारी बाई. इन्व्हर्टर, गिझर, पंखा यांच्याशेजारी पुरुष, बोट वर करून. तो कशाकडे बोट दाखवतोय ते मला कळलं नाही, पण जाहिरातीतले पुरुष सतत कुणाला तरी काहीतरी समजावून सांगतच असतात.

पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा ताटात ओवाळणी घालतो. साडी घालेल, अंगठी घालेल, पाचशेची नोट घालेल. ते तिचं. मिक्सर घातला तर तो तिचा कसा? त्यातली चटणी तू खाणार, पप्पा खाणार, आलेले पाव्हणे खाणार. इन्व्हर्टर आणला तर तो घरासाठी आणि मिक्सर आणला तर तो वहिनींसाठी, हा हिशोब कुणी मांडला? उद्या पप्पांच्या वाढदिवसाला मी रिबन बांधून खराटा दिला तर ते खूश होतील का, विचारून बघ. भाऊबीजेची ओळ तर कहरच आहे. 'लाडक्या बहिणीला द्या आरामाची भेट', आणि चित्र पोळपाट-लाटण्याचं!

सरकार लोकांच्या दिवसभराच्या वेळेचा सर्व्हे करतं. २०२४ च्या सर्व्हेत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जात होती, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्याच्या आधीच्या, २०१९ च्या सर्व्हेत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ. आपण एवढे मिक्सर विकले, त्यातनं कुणाला किती आराम मिळाला ते तूच काढ.

आता तू म्हणशील, आई, मग चित्र खरंच आहे की, स्वयंपाकघरात बाईच असते. असते. ती राबते हे खरं आहे, राबायचं यंत्र मिळालं म्हणून मोहरून जाते हे खोटं. जाहिरातवाल्यांची आपलीच संस्था आहे ना, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, १९८५ पासूनची. तिनं जून २०२२ मध्ये याच विषयावर नियमावली काढली. बाई घर झाडताना किंवा पुरुष ऑफिसला जाताना दाखवू नका, असं ती म्हणत नाही. ते काम तिचंच किंवा त्याचंच, दुसऱ्याचं नव्हेच, असं सुचवू नका म्हणते. तू पुण्यात जाहिरात एजन्सीत बसतोस, तुला हे माझ्याआधी माहीत असायला हवं. मला तर दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचायला मिळतं.

आणि गिऱ्हाईक असतं तेव्हा काय दिसतं, तेही ऐक. मोठी कढई, झारे, पन्नास लिटरचं पातेलं या मालाला बाई क्वचित हात लावते. तो माल जातो मंडळाच्या पोरांकडं महाप्रसादासाठी, खानावळवाल्यांकडं, मिसळवाल्यांकडं, लग्नातल्या आचाऱ्यांकडं. कढई उलटी करून बुडाला टिचकी मारतात, कान लावून आवाज ऐकतात, कानाचे रिबिट बघतात. तेवढ्या बारकाईनं मी माझ्या स्वयंपाकघरातली कढई घेतली नव्हती. गावभर शेकडो माणसांना रांधून घालणारे हे सगळे पुरुष, पण फ्लेक्सवर कढईशेजारी उभी वहिनी. पैसे मिळाले की स्वयंपाक पुरुषाचा आणि न मिळाले की बाईचा, हे काही कुठल्या जाहिरातीत लिहीत नाहीत.

उलटंही बघ. गेल्या महिन्यात एक मॅडम इन्व्हर्टर घ्यायला आल्या, कॉलेजात शिकवतात. बॅटरी किती एएचची, पाणी किती दिवसांनी घालायचं, फ्रिज चालेल का, सगळे प्रश्न त्यांचे. आणि पप्पा उत्तरं देत होते त्यांच्या मिस्टरांना! ते बिचारे मोबाईलमध्ये मॅच बघत होते. पुढं हप्त्यानं घ्यायचं ठरलं, तर फायनान्सचा पोरगा म्हणतो, "मॅडम, साहेबांचं आधार कार्ड द्या." साहेबांनी मान वर केली. "मला काय इचारतोस? पगार तिचा हाय, सही ती करणार. मी गाडी काढायला आलोय." पोरगा ओशाळला, पण त्याच्या फॉर्मचा फोटो काढून तुला पाठवायला हवा होता. वर छापलंय, 'आपल्या कुटुंबासाठी, कर्त्या पुरुषाचा निर्णय'.

रीलच्या स्क्रिप्टबद्दल. आई माहेरी जाते, बाप एकटा पोरांना सांभाळतो. दूध उतू जातं, भाजीत मिठाऐवजी साखर पडते, धूर होतो. मग आई येते, कपाळावर हात मारते, नवा कुकर लावते आणि सगळं सुरळीत. हा विनोद शिळा आहे. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून असल्या साचेबंद जाहिरातींवर नियम लागू झाला आणि ऑगस्टमध्ये पहिल्यांदा ज्या दोन जाहिराती बंद झाल्या, त्यातली एक चीजची होती. दोन बाप खाण्यात इतके रंगतात की पोरं खाद्यपदार्थांच्या फिरत्या पट्ट्यावरच राहतात. म्हणजे बाप म्हणजे वेंधळाच, हे दाखवणंही तिथं चाललं नाही. बायकांची बाजू घेणारा नियम आहे असं वाटत होतं ना तुला? तो पुरुषांचीही लाज राखतो.

शिवाय हे कोल्हापूर आहे. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग बघ, निम्म्याहून जास्त गडी. तुझे काका तर कांदा-खोबरं किती भाजल्यावर वाटायला घ्यायचं हे वासावरनं सांगतात, आणि पांढऱ्या रश्श्याच्या भांड्याजवळ मला उभंही राहू देत नाहीत. त्यांना मीठ-साखर ओळखता येत नाही असं दाखवलंस तर लोक तुला हसतील. हां, तेच काका सोमवारी चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नाहीत. पण ते जमत नाही म्हणून नव्हे. जमत नाही असं ठरलं की करायला नको, ही सोय तुमच्या त्या विनोदात आहे आणि म्हणूनच तो पुरुषांना आवडतो.

रिक्षावरच्या भोंग्यासाठी जी जाहिरात लिहिलीस, त्यात पोरगी म्हणते, "अगं बाई, मी निघालेच!" आपल्याकडची पोरगी "मी निघालो" म्हणते, विसरलास वाटतं पुण्यात.

शाळेच्या सीझनचं तू विचारलं होतंस, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. होलसेलवाल्याकडनं पाण्याच्या बाटल्यांचं खोकं येतं त्यात निम्म्या गुलाबी, बाहुलीच्या. निम्म्या निळ्या, गाडीच्या. प्लॅस्टिक तेच, झाकण तेच. जूनमध्ये एक पहिलीतला पोरगा गुलाबी बाटली धरून बसला, सोडेना. आजोबा म्हणाले, "आरं ती पोरींची हाय." तो रडला, शेवटी निळी घेऊन गेला. मला सांग, चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवणारे गडी कुठल्या रंगात माखलेले असतात? निवडून आलेला आमदार कुठल्या रंगात न्हातो? लग्नात गुलाबी फेटे कोण बांधतं? इथल्या पुरुषांना गुलाबी कधी वर्ज्य नव्हता. हे खोक्यातनं आलंय. आणि त्यात कंपन्यांचा फायदा सरळ आहे, ताईची गुलाबी बाटली धाकट्याला चालत नाही, दुसरी घ्यावी लागते. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्यानं २०१५ मध्ये ७९४ वस्तूंच्या किमती ताडून बघितल्या, तर बायकामुलींसाठीची वस्तू पुरुषांच्या तशाच वस्तूपेक्षा सरासरी ७ टक्के महाग निघाली. धंदा म्हणून मला यातली हुशारी कळते. पण आपल्या फ्लेक्सवर 'राजकुमारीसाठी' आणि 'वाघासाठी' असे दोन बाण नकोत. बाटल्या बाटल्यांसारख्या मांड, पोरं काय ते उचलतील.

महिला दिनाला एका दुकानानं ताराराणींचं चित्र टाकून नॉनस्टिक तव्यावर सूट दिली होती, आठवतंय? राजाराम महाराज गेल्यावर १७०० ते १७०७, सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेली बाई, आणि खाली 'रणरागिणींसाठी तवा'. आपल्याकडं असलं काही करू नकोस, एवढंच. जास्त लिहीत नाही, नाहीतर माझं डोकं फिरतं.

संक्रांतीचं डिझाईन मात्र माझ्या मनाला लागलं. 'सौभाग्यवतींसाठी खास वाण, २० टक्के सवलत.' वाणाच्या वाट्या, चमचे, डब्या हा जानेवारीतला आपला मोठा धंदा, हे मान्य. पण शेजारच्या गल्लीतल्या ज्या काकू दरवर्षी शाळेच्या बायकांसाठी दोन डझन वाट्या नेतात, त्यांचे मिस्टर मागच्या पावसाळ्यात गेले. त्या यंदा आल्या तर त्यांना पुरी किंमत लावायची का मी? आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला जे जमलं ते महाद्वार रोडवरच्या एका फ्लेक्सला जमू नये? 'संक्रांतीचं वाण, सर्वांना २० टक्के सवलत' लिही. जागाही कमी लागते.

पप्पांचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगते, नाहीतर म्हणशील एकतर्फी लिहिलं. ते म्हणतात, समाज सुधारणं हे दुकानाचं काम नाही, गिऱ्हाइकाला ओळखीचं दिसलं तरच ते पायरी चढतं. मी म्हटलं, मग ओळखीचंच दाखवूया की! सूट घालून मिक्सर घ्यायला आपल्या दुकानात आजवर कोण आलंय? पप्पा त्यावर गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे, समोर गिऱ्हाईक आलं म्हणून. रात्री पुन्हा विषय काढतील.

तर असं कर. दोन रांगा मोड, सगळा माल एकत्र मांड. किमती मोठ्या दिसू देत, लोक त्याच वाचतात. 'वहिनी खूश'च्या जागी वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती दुकानातच होते हे टाक, ते समोरच्या दुकानात मिळत नाही. माणसं हवीच असतील तर एजन्सीच्या फोटोंतली नकोत. इन्व्हर्टरवाल्या मॅडमना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्या. कढई नेणाऱ्या मंडळाच्या पोरांनाही विचारलं. एकजण म्हणाला, "काकू, ॲप्रन घालून येऊ का?" मी विचारलं, महाप्रसादाला घालतोस का? म्हणाला, नाही, टॉवेल गुंडाळतो. मग टॉवेलच गुंडाळून ये म्हटलं.

गिझरचा भाव कंपनीनं वाढवलाय, नवी यादी पप्पा आज पाठवतील. दसऱ्याच्या आधी फाईल दे, नंतर छपाईवाले कुणाचा फोन उचलत नाहीत.

तुझी
आई